फोनच्या पलीकडचा माणूस: स्कोप्येतल्या एका कवयित्री-पत्रकाराचं प्रकरण

पार्श्वभूमी

९ फेब्रुवारी २०१५ रोजी मॅसेडोनियातले (आताचं उत्तर मॅसेडोनिया) विरोधी पक्षनेते झोरान झाएव यांनी पत्रकार परिषदेत फोनवरच्या संभाषणांच्या ध्वनिफिती ऐकवायला सुरुवात केली. सरकारने देशातल्या वीस हजारांहून अधिक लोकांचे फोन वर्षानुवर्षं बेकायदा ऐकले, असा त्यांचा आरोप होता. जेमतेम वीस लाख वस्तीच्या देशात हा आकडा म्हणजे ओळखीपाळखीतला कोणीतरी नक्कीच. पंतप्रधान निकोला ग्रुएव्स्की यांनी आरोप फेटाळले आणि फिती परक्या गुप्तहेर संस्थेने बनवून झाएव यांच्या हाती दिल्याचं सांगितलं. पुढचे काही महिने एकामागून एक फिती बाहेर येत राहिल्या. लोक त्यांना 'बॉम्ब' म्हणत.

त्याच महिन्याच्या अखेरीस पाळी पत्रकारांची आली. शंभराहून अधिक पत्रकारांचे फोन ऐकले गेल्याचं झाएव यांनी जाहीर केलं आणि त्यातल्या काहींना त्यांच्याच संभाषणांचे लेखी उतारे फोल्डरमध्ये घालून दिले. हे प्रकरण अशाच एका फोल्डरचं आहे.

एक खुलासा आधीच करतो. यातली कवयित्री ही एकच व्यक्ती नाही. त्या पिढीतल्या, कविता आणि बातमी दोन्ही लिहिणाऱ्या लोकांसमोर जे प्रश्न उभे राहिले, ते एका व्यक्तिरेखेत गुंफले आहेत. नाव, गाव, वर्तमानपत्र दिलेलं नाही आणि खासगी तपशील बदललेले आहेत. सार्वजनिक घटना आणि तारखा मात्र जशाच्या तशा आहेत.

कवयित्रींचा जन्म सत्तरच्या दशकातला, पूर्व मॅसेडोनियातल्या एका छोट्या गावात. राजधानी स्कोप्येच्या विद्यापीठात साहित्य शिकल्या, विशीत पहिला संग्रह आला आणि पोटापाण्यासाठी एका दैनिकाच्या सांस्कृतिक पानावर रुजू झाल्या. तिथे ही वाट जुनीच आहे. मॅसेडोनियन भाषेची प्रमाण वर्णमाला आणि लेखननियम १९४५ मध्ये ठरले, आणि त्या भाषेतलं 'नोवा माकेडोनिया' हे दैनिक त्याच्याही काही महिने आधी, ऑक्टोबर १९४४ मध्ये सुरू झालं. म्हणजे वर्तमानपत्र आधी, व्याकरण नंतर. भाषा घडवणारे, कविता लिहिणारे आणि अग्रलेख लिहिणारे हात बऱ्याचदा एकच असत. कवितेला तिथे मान मोठा. ओख्रिद सरोवराकाठच्या स्त्रुगा गावी दर वर्षी भरणारा काव्योत्सव साठच्या दशकापासून चालू आहे, आणि त्याचा 'सुवर्ण मुकुट' १९८३ मध्ये आपल्या हिंदी कवी अज्ञेयांना मिळाला होता. पुस्तकांच्या प्रती मात्र काही शेच निघतात, आणि त्या घेणारे वाचक एकमेकांना नावानिशी ओळखतात. ही शेवटची गोष्ट पुढे फार महागात पडणार आहे.

२०१० च्या सुमारास सांस्कृतिक पान हे निवांत पान राहिलं नाही. सरकारने 'स्कोप्ये २०१४' नावाचा प्रकल्प जाहीर केला. शहराच्या मध्यभागी पुतळे, कमानी, ग्रीक धाटणीचे खांब लावलेल्या इमारती उभ्या राहू लागल्या. मुख्य चौकात घोड्यावरचा योद्धा २०११ मध्ये चढला. सुरुवातीला खर्च आठ कोटी युरो सांगितला होता. २०१५ मध्ये शोधपत्रकारांनी कंत्राटं मोजली तेव्हा तो छप्पन्न कोटींच्या घरात गेलेला निघाला. हा पैसा बराचसा सांस्कृतिक खात्यातून जात होता. म्हणजे पुतळ्यांवर लिहिणारी सांस्कृतिक वार्ताहर आपोआप पैशांवर लिहिणारी वार्ताहर झाली. खात्यातला एक मध्यम दर्जाचा कर्मचारी त्यांना कंत्राटांच्या पुरवण्यांविषयी माहिती देत असे.

भोवतालची हवा अशी: 'ए-१' ही बडी वाहिनी २०११ मध्ये बंद पडली. २४ डिसेंबर २०१२ रोजी अर्थसंकल्पाच्या गोंधळात सुरक्षारक्षकांनी संसदेच्या सज्जातून पत्रकारांना बाहेर काढलं. 'रिपोर्टर्स विदाऊट बॉर्डर्स' या संस्थेच्या पत्रकारस्वातंत्र्याच्या यादीत २००९ मध्ये ३४ व्या क्रमांकावर असलेला देश २०१४ मध्ये १२३ वर घसरला. कवयित्रींच्या दैनिकात सरकारी जाहिराती वाढल्या तशी संपादकांची फोन करून 'जरा सांभाळून' म्हणण्याची सवयही वाढली. हे फोनही फोल्डरमध्ये होते.

पेच

फोल्डरमध्ये २०११ ते २०१३ या काळातली संभाषणं होती. आईशी ऐवारविषयी, म्हणजे सप्टेंबरात ढीगभर लाल मिरच्या भाजून, सोलून वर्षाची बेगमी करतात त्याविषयी, झालेलं बोलणं. एका कवी मित्राशी तिसऱ्याच कवीची केलेली निंदा. संपादकांशी घातलेली हुज्जत. विभक्त झालेल्या नवऱ्याशी घराच्या हप्त्यावरून झालेलं भांडण. आणि त्या कर्मचाऱ्याशी झालेली तीन संभाषणं.

पहिले दोन दिवस त्यांना संताप आला तो ऐवारच्या पानांचा. हे समजण्यासारखं आहे. कंत्राटांवरचं बोलणं कोणीतरी ऐकेल ही भीती पत्रकाराच्या अंगवळणी पडलेली असते, पण मिरच्या किती किलो घ्यायच्या हेही कोणा सरकारी माणसाने टंकून ठेवावं? खरा पेच मात्र तीन संभाषणांत होता आणि तो लक्षात यायला वेळ लागला.

मॅसेडोनियाच्या घटनेचं १६ वं कलम माध्यमांना माहितीचा स्रोत गुप्त ठेवण्याचा हक्क देतं. १७ वं कलम संपर्काचं खासगीपण राखतं. दोन्ही आधीच मोडली गेली होती. सरकारी यंत्रणेला त्या कर्मचाऱ्याचं नाव २०११ पासून ठाऊक होतं. मग आता लपवायचं कोणापासून? आधी त्यांनी असा युक्तिवाद केला की ज्याच्यापासून गुपित राखायचं तोच ऐकून बसला आहे, तेव्हा गुपित संपलं. हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो आणि माझ्या मते इथेच प्रकरणाला पहिलं वळण लागलं. गुप्तहेर खात्याला माहीत असणं वेगळं आणि शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याला माहीत होणं वेगळं. त्या माणसाला रोज सकाळी सामोरं जायचं होतं ते दुसऱ्याला.

युरोपीय आयोगाने नेमलेल्या राइनहार्ड प्रीबे यांच्या तज्ज्ञगटाचा अहवाल जून २०१५ मध्ये आला. तिन्ही दूरसंचार कंपन्यांनी गुप्तचर खात्याला अशी यंत्रणा पुरवली होती की खातं थेट स्वतःच्या जागेवरून सगळी वाहतूक पाहू शकत होतं, कंपनीला पत्ताही न लागता. म्हणजे नेमकं कोणी ऐकलं, कोणी टंकलं, प्रती किती निघाल्या हे कवयित्रींना कधीच कळणार नव्हतं.

पर्याय

गप्प बसणं हा पर्याय आईने सुचवला होता. फोल्डर कपाटात टाक, नाहीतर चुलीत घाल. अनेकांनी हेच केलं आणि त्यांना भित्रं म्हणण्यात अर्थ नाही. पण सरकारविरुद्धचा पुरावा नष्ट करणं पत्रकार म्हणून त्यांना पटेना.

दुसरा पर्याय बातमीचा. उतारे दैनिकात छापायचे. त्यांचे संपादक तयार होणार नव्हते, कारण उताऱ्यांत तेही होते. एक स्वतंत्र संकेतस्थळ तयार होतं. इथे कायद्याचा हिशोबही होता. नोव्हेंबर २०१२ मध्ये बदनामी फौजदारी गुन्ह्यातून काढून दिवाणी केली गेली होती, पण भरपाईची कमाल मर्यादा पत्रकारासाठी २,००० युरो आणि संपादकासाठी १०,००० युरो होती. ज्या कवीची निंदा फोनवर केली होती, तो छापील स्वरूपात ती वाचून गप्प बसला नसता. मग नोव्हेंबर २०१५ मध्ये संसदेने खासगीपणाच्या संरक्षणाच्या नावाखाली बेकायदा ऐकलेली सामग्री बाळगणं, छापणं यावर बंदी घालणारा कायदा केला. ज्यांनी ऐकलं त्यांना वाचवणारा कायदा, अशी टीका पत्रकारांनी केली. एवढं खरं की त्यानंतर हा पर्याय जवळजवळ मिटला.

तिसरा पर्याय कायद्याचा. सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात युरोपच्या मध्यस्थीने झालेल्या प्रझिनो करारानंतर सप्टेंबर २०१५ मध्ये विशेष सरकारी वकिलांचं कार्यालय स्थापन झालं. प्रमुखपदी कातित्सा यानेवा आल्या. तिथे पीडित म्हणून जबाब देता येत होता. त्या दिवसांत या कार्यालयातल्या तिघी महिला वकील लोकांच्या गळ्यातला ताईत झाल्या होत्या.

आणि चौथा, ज्याला बाकी कोणी पर्याय मानलाच नसता: कविता. स्वतःच्या बोलण्याचा सरकारने केलेला लेखी दस्तऐवज हाती आल्यावर एखाद्या कवीला त्याचं काय करावंसं वाटेल? टंकणाऱ्याने 'अस्पष्ट', 'हसते', 'रडण्याचा आवाज' अशा नोंदी केल्या होत्या. कवयित्रींच्या मते गेल्या दहा वर्षांत त्यांच्यावर कोणी इतक्या बारकाईने लिहिलं नव्हतं.

काय केलं

त्यांनी एकापेक्षा जास्त वाटा धरल्या आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

आधी मार्च २०१५ मध्ये एक स्तंभलेख. त्यात एकही उतारा नव्हता, एकही नाव नव्हतं. फक्त आपला फोन ऐकला गेला हे जाहीर सांगणं. संपादकांनी तो छापला, शीर्षक सौम्य करून. मला हा निर्णय सर्वांत शहाणा वाटतो. पुढे कोणी फोल्डरचा धाक दाखवावा ही शक्यता त्याने संपवली आणि कोणाचंही नुकसान केलं नाही.

मग २०१६ च्या सुरुवातीला विशेष वकिलांच्या कार्यालयात जबाब दिला. तिथे त्यांनी त्या कर्मचाऱ्याविषयी एकच भूमिका घेतली: संभाषण माझं आहे, पलीकडचा कोण ते मी सांगणार नाही. नाव उताऱ्यांत होतंच, तरी स्वतःच्या तोंडून द्यायचं नाही. वकिलांना हे जरा हास्यास्पद वाटलं. मला वाटत नाही. सरकारने चोरून मिळवलेली माहिती आणि पत्रकाराने स्वतः दुजोरा दिलेली माहिती यांच्या वजनात फरक असतो आणि तो फरक त्यांना बरोबर कळला होता.

१२ एप्रिल २०१६ रोजी राष्ट्राध्यक्ष ग्योर्गे इवानोव यांनी चौकशीच्या फेऱ्यात असलेल्या ५६ जणांना माफी जाहीर केली. लोक रस्त्यावर उतरले, सरकारी इमारतींवर आणि त्या नव्या पुतळ्यांवर रंगांचे फुगे फेकू लागले. 'रंगीत क्रांती' हे नाव त्यावरून पडलं. कवयित्री दिवसा मोर्चांच्या बातम्या देत आणि रात्री फोल्डर घेऊन बसत. कविता या आठवड्यांत लिहून झाल्या.

रीत अशी ठरली: उताऱ्यातली स्वतःची वाक्यं ठेवायची, समोरच्याची सगळी पुसायची. जिथे दुसरा बोलला तिथे तेवढीच कोरी जागा. सरकारी टंकलेखकाच्या नोंदी तशाच. वकिलाने मत दिलं की स्वतःचे शब्द स्वतः छापण्याला नवा कायदा बहुधा आडवा येणार नाही. छातीठोकपणे सांगायला तेही तयार नव्हते. आईला विचारलं, ती हो म्हणाली, मिरच्यांचा भाव तेवढा दुरुस्त करायला सांगितला. विभक्त नवऱ्याला विचारलं, त्याने घराच्या हप्त्याची कविता काढायला लावली आणि ती निघाली. कवी मित्राला विचारलं.

कर्मचाऱ्याला विचारलं नाही.

यामागे विचार होता. त्याला फोन करणं म्हणजे पुन्हा तीच जोखीम. कचेरीत जाणं म्हणजे स्वतःच बोट दाखवणं. शिवाय त्याचं एकही वाक्य कवितेत नव्हतं. ज्या नियतकालिकाने यातल्या काही कविता आधी छापल्या, त्याच्या संपादिकेने नेमका हाच प्रश्न काढला: या तिघांना विचारलंत, मग या चौथ्याला? कवयित्रींचं उत्तर असं होतं की कोऱ्या जागेला चेहरा नसतो.

परिणाम

संग्रह २०१७ च्या वसंतात आला. त्याच सुमारास देश पुन्हा हादरला. २७ एप्रिलला जमाव संसदेत घुसला, झाएव यांच्यासह खासदार रक्तबंबाळ झाले, पत्रकारांनाही मारहाण झाली. ३१ मे रोजी सरकार बदललं. पुस्तक नव्या हवेत वाचलं गेलं आणि गाजलं. कोऱ्या जागांविषयी परीक्षणांत बरंच लिहून आलं.

त्यातल्या एका कवितेत कंत्राटाचा उल्लेखही नव्हता. फोन ठेवण्याआधी कवयित्रींनी समोरच्याच्या लहान मुलीचा ताप उतरला का, याची चौकशी केली होती. पुढच्या ओळीत रुग्णालयातल्या दुसऱ्या रात्रीचा उल्लेख होता, आणि कवितेखाली उताऱ्याची तारीख होती, कारण तारखा ठेवणं हा संग्रहाच्या रचनेचाच भाग होता. काही शे प्रतींच्या पुस्तकाचा वाचक कोण? शिक्षक, ग्रंथपाल, नाट्यगृहातले लोक, आणि सांस्कृतिक खात्यातले कर्मचारी. २०१२ च्या त्या आठवड्यात आजारी मुलीसाठी रजा घेतलेला माणूस कचेरीत एकच होता.

त्याची नोकरी गेली नाही. नवं सरकार त्याच्यावर नाराज असण्याचं कारण नव्हतं. पण कंत्राटांवर ज्यांच्या सह्या होत्या ते लोक अजून त्याच मजल्यावर होते. दुपारच्या कॉफीला त्याला कोणी बोलावेना. काही महिन्यांनी त्याने दुसऱ्या विभागात बदली मागून घेतली. कवयित्रींना हे कळलं ते त्या नियतकालिकाच्या संपादिकेकडून. त्याने एका ओळखीच्या माणसाकरवी निरोप पाठवला: पुढच्या आवृत्तीत ती कविता नको. ती काढली गेली. दोघांचं बोलणं त्यानंतर झालेलं नाही.

२०१७ मध्येच 'उत्रिन्स्की वेस्निक', 'द्नेव्निक' आणि 'वेस्त' ही तीन दैनिकं बंद पडली. कवयित्रींचं दैनिकही फार टिकलं नाही. आता त्या अनुवाद करतात, एका संकेतस्थळासाठी मुलाखती घेतात, आणि कविता लिहितात.

खटल्याचं सांगायचं तर फेब्रुवारी २०२१ मध्ये स्कोप्येच्या न्यायालयाने फोन ऐकण्याच्या प्रकरणात माजी गुप्तचर प्रमुख साशो मियाल्कोव यांना १२ वर्षांची शिक्षा सुनावली. तो शेवटचा शब्द ठरला नाही. दरम्यान ग्रुएव्स्की नोव्हेंबर २०१८ मध्येच, दुसऱ्या एका खटल्यातली दोन वर्षांची शिक्षा भोगण्याऐवजी हंगेरीला पळून गेले होते आणि त्यांना तिथे आश्रय मिळाला. ज्या यानेवांच्या कार्यालयात कवयित्रींनी जबाब दिला, त्या २०१९ मध्ये खंडणीच्या प्रकरणात अटकेत गेल्या आणि २०२० मध्ये त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये फौजदारी कायद्यात बदल झाले आणि त्या काळातल्या उच्चपदस्थांचे कितीतरी खटले मुदतीबाहेर गेले. जबाब देण्याचा निर्णय तरीही चुकीचा म्हणता येणार नाही. तो देताना यातलं काहीही दिसत नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

या प्रकरणावर बोलताना तरुण पत्रकार बहुतेक वेळा कवितेला दोष देतात. वार्ताहराने कविता करायला जाऊ नये, असा सूर असतो. मला तो मान्य नाही. स्तंभलेखाने जे सांगितलं नाही ते या कवितांनी सांगितलं: आपल्यावर नजर ठेवणारा आपल्या हसण्याचीही नोंद करतो. अडचण साहित्यप्रकाराची नव्हती. अडचण अशी की बातमी लिहिताना ज्या प्रश्नांची कवयित्रींना सवय होती, ते प्रश्न कविता लिहिताना त्यांनी बाजूला ठेवले. बातमीत त्यांनी मुलीचा ताप, तारीख आणि खात्याचा संदर्भ एकत्र कधीच येऊ दिला नसता. स्रोताची ओळख नावाने फुटत नाही, किरकोळ तपशिलांच्या बेरजेने फुटते, हे त्या नव्या वार्ताहरांना शिकवत आल्या होत्या.

दोन ठिकाणी वाट बदलता आली असती. एक, तारखा. संग्रहातल्या सगळ्या तारखा काढण्याची गरज नव्हती, त्या कर्मचाऱ्याशी झालेल्या संभाषणांच्या तीन कवितांच्या पुरे होत्या. रचनेची सममिती बिघडली असती, बिघडू द्यायची.

दुसरं, विचारणं. थेट संपर्कात धोका होता हे खरंच. पण सरकार पडण्याच्या बेतात असताना, छपाई चार-सहा महिने पुढे ढकलून, मधल्या माणसाकरवी विचारता आलं असतं. तो मधला माणूस अस्तित्वात होता. कविता काढायचा निरोप त्याच्याच हातून आला. आणि त्या निरोपात आणखी एक वाक्य होतं, जे कवयित्रींनी बराच काळ कोणाला सांगितलं नाही: विचारलं असतं तर मुलीची ओळ वगळून बाकीच्याला त्याने होकार दिला असता.

संपादिकेची जबाबदारीही इथे मोजायला हवी. तिने प्रश्न विचारला, उत्तर समाधानकारक नव्हतं, तरी कविता छापल्या. त्या काळात अशा कविता न छापणं भ्याडपणाचं दिसलं असतं, हे तिचं म्हणणं प्रामाणिक आहे. तरी बातमीदाराचा मजकूर असता तर ती दुसऱ्यांदा अडली असती असं ती स्वतःच मान्य करते. पुस्तकाच्या प्रकाशकाने तर प्रश्नच विचारला नाही. त्याने आता एक साधी रीत घातली आहे: संग्रहात खऱ्या संभाषणाचा, पत्राचा किंवा दस्तऐवजाचा वापर असेल तर कवीने प्रत्येक पलीकडच्या माणसाला विचारलं की नाही आणि नसेल तर का, हे लिहून द्यायचं. कवींना ही रीत आवडत नाही.

२०१८ पासून फोन ऐकण्याची तांत्रिक चावी गुप्तचर खात्याकडून काढून वेगळ्या संस्थेकडे दिली आहे. कवयित्रींच्या फोल्डरच्या मात्र आणखी प्रती कुठे आहेत हे कोणी सांगू शकत नाही. विशेष वकिलांच्या कार्यालयातून त्यांना त्यांची प्रत परत मिळाली, पावतीसकट.